'सिंधी असूनही मराठी' : एका साप्ताहिकाची पार्श्वभूमी

ठाणे पूर्वेला, कोपरीत, चार पानांचे एक मराठी साप्ताहिक चाळीसेक वर्षे निघत होते. त्याचे संपादक आता वयोमानाने थांबले. निरोपाच्या भाषणांत जवळजवळ प्रत्येकाने एक वाक्य म्हटले : "सिंधी असूनही त्यांनी मराठीला आपले मानले." त्यांच्याकडे मी काही वर्षे प्रुफे तपासली आहेत. ते 'असूनही' मला खटकले, म्हणून हे टिपण.

ठाण्याला वर्तमानपत्र नवे नाही. 'अरुणोदय' १८६६ मध्ये इथूनच निघाले. तो काळ लांबवत नाही, कारण आपल्याला हवी असलेली लिपीची गोष्ट तेव्हा सिंधमध्ये घडत होती. सिंध काही परका मुलूख नव्हता. १९३६ पर्यंत तो मुंबई इलाख्यातच होता. ज्या १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, त्याच वर्षी तिकडे सिंधीसाठी अरबी वळणाची ५२ अक्षरांची लिपी सरकारने पक्की केली. कचेरी, शाळा, पुस्तके त्या लिपीत गेली. हिंदू व्यापाऱ्यांच्या चोपड्या मात्र हटवाणिका या व्यापारी लिपीत राहिल्या. तिला काना-मात्रा नाहीत. ज्याने लिहिले त्यालाच वाचता येते, अशी थट्टा तिची होई. तिचेच सुधारलेले रूप, खुदाबादी, १८६८ मध्ये शाळांत आणण्याचे काम इलाख्याच्या शिक्षण खात्यातल्या एका मराठी अधिकाऱ्याकडे आले होते. ते फार रुजले नाही. सिंधी लिपीच्या भांडणात मराठी माणूस इतका जुना आहे, हे निरोपसभेत कोणाच्या तोंडी आले नाही.

मग फाळणी. सिंधमधले बहुतेक हिंदू लगेच निघाले नव्हते. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर बोटी भरभरून मुंबईच्या धक्क्याला लागू लागल्या. कल्याणजवळ महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकी रिकाम्या होत्या, तिथे लोकांना ठेवले. १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, तरी पत्ता सांगताना अजून 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' असेच म्हणतात. संपादक त्या वेळी शाळेत जाण्याच्या वयाचे होते. कुटुंब आधी कॅम्पात राहिले, मग कोपरीत आले. वडिलांचा 'क्लेम' बरीच वर्षे चालला. क्लेम म्हणजे मागे राहिलेल्या घरादाराची भरपाई. त्या पिढीच्या सिंधी घरांत हा शब्द रोजच्या भाजीइतका ओळखीचा होता. 'निर्वासित' हा शब्द मात्र त्यांना कधी आवडला नाही. हिंदीतला 'शरणार्थी' तर त्याहून नाही. "आम्ही शरण कोणाला आलो?" असे ते विचारत, आणि अंकात 'निर्वासित' आला की 'सिंधमधून आलेले' असे करून घेत. ओळ लांबायची, मग अक्षरे जुळवणारा जुळारी कुरकुरायचा.

आता मुख्य प्रश्न. सिंधी माणूस वर्तमानपत्र काढतो, तर ते सिंधीत का नाही?

कोणत्या सिंधीत, हे आधी सांगा. मार्च १९५० मध्ये केंद्र सरकारने सिंधीच्या शिक्षणासाठी देवनागरी ठरवली. साहित्यिक, शिक्षक यांच्यात उभी फूट पडली. अरबी लिपीवाल्यांचे म्हणणे असे की सूफी कवी शाह लतीफांपासूनचे छापील साहित्य या लिपीत आहे. ती सोडली तर गाव गेले, घर गेले आणि आता वाचनही जाईल. देवनागरीवाले म्हणत की मुले इथल्या शाळांत शिकणार, त्यांना दुसरी लिपी शिकवणार कोण? दोघांचेही बरोबर होते, आणि हीच अडचण होती. १९५१ मध्ये सरकारने दोन्ही लिप्यांना मुभा दिली. या तडजोडीचे कौतुक पुष्कळ होते. माझ्या मते तिने वर्तमानपत्रांचे नुकसान केले. शाळा दोन तुकड्या चालवू शकते, साप्ताहिकाला मात्र एकच लिपी निवडावी लागते. अरबीत काढले तर चाळिशीच्या पुढचेच वाचणार, देवनागरीत काढले तर तेच लोक अंकाला हात लावणार नाहीत. १९६७ मध्ये सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. सभा झाल्या, पेढे वाटले गेले, पण लिपीचा प्रश्न होता तिथेच राहिला. नोटेवरच्या पंधरा भाषांच्या पट्टीत सिंधी आजही नाही.

त्यात खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांची गोष्ट. अंक एका मराठी छापखान्यात ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या यंत्रावर छापला जायचा. देवनागरी सिंधीला चार जादा अक्षरे लागतात : ॻ, ॼ, ॾ, ॿ. श्वास आत ओढून उच्चारायचे हे वर्ण. ग, ज, ड, ब खाली रेघ देऊन लिहितात. सिंधीत 'दोन' म्हणायचे तर ॿ हे एकच अक्षर पुरते. मराठी केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, यांचे खिळे कुठून असणार? दिवाळी अंकात एकदा संपादकांनी हौसेने सिंधी कवितेच्या आठ ओळी घातल्या आणि जुळाऱ्याकडून त्या अक्षरांखाली पितळी पट्टीचे तुकडे बसवून घेतले. प्रुफ माझ्याकडे आले. अक्षरांखाली रेघा दिसल्या, चुकून आल्या असाव्यात म्हणून मी त्या सगळ्या काढायला सांगितल्या. अंक तसाच गेला. ते चिडले नाहीत. एवढेच म्हणाले, "दोन होते, तू नुसता ब ठेवलास."

शिवाय कायदा. १८६७ च्या वृत्तपत्र कायद्याप्रमाणे दंडाधिकाऱ्यांपुढे डिक्लेरेशन, म्हणजे लेखी घोषणा करायची, त्यात नाव, मुदत, भाषा द्यायची. भाषा बदलली की जुने डिक्लेरेशन संपले, पुन्हा नवे. त्यांनी भाषेच्या रकान्यात 'मराठी' लिहिले होते. शेवटच्या पानाच्या तळाशी मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक अशी चारही पदे एकाच नावापुढे असत, खाली 'प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही'. चारही तेच असल्यावर सहमत नसणारा उरला कोण, असा विनोद ते स्वतःच करत. त्या कायद्याला त्यात विनोद दिसत नसे : मजकूर काय घ्यायचा हे ज्याच्या हाती तो संपादक, आणि छापलेल्या नावावरच कोर्ट जबाबदारी गृहीत धरत असे. बदनामीची नोटीस आली की चौघांना मिळून एकच वकील पुरायचा.

अंक तगला तो जाहिरातींवर, त्यातही जाहीर नोटिसांवर. १९८२ मध्ये ठाण्याची महापालिका झाली, जुन्या चाळी आणि बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, घरोघर सोसायट्या झाल्या. सभासद वारला आणि नामनिर्देशन नसेल तर वारसांचे दावे-हरकती मागवणारी नोटीस किमान दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी लागते. तिसऱ्या पानावर या नोटिसा, नाव बदलल्याच्या, शेअर सर्टिफिकेट हरवल्याच्या. कोपरीतले सिंधी दुकानदार नोटीस द्यायला येत आणि बोलणे अर्थातच सिंधीत होई. मजकूर मराठीत लिहून द्यायचे काम संपादकांचे. अग्रलेखापेक्षा तिसरे पान लोक अधिक वाचत. ते त्यांना ठाऊक होते, आणि कोणी तसे म्हटले तर राग येत असे.

नव्वदीत डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी आली. खिळे भंगारात वजनावर गेले, पण छापखान्यातल्या फॉन्टमध्येही ती चार अक्षरे नव्हतीच. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या सर्वमान्य अक्षरसंचात, ती २००६ साली आली. तोवर संपादकांची नातवंडे इंग्रजी शाळांत होती आणि पुढे घरातली सिंधी व्हॉट्सॲपवर रोमनमध्ये लिहिली जाऊ लागली. १ मार्च २०२४ पासून १८६७ चा कायदाही गेला आणि नोंदणी पोर्टलवर आली. अंक तोपर्यंत बंद पडला होता.

मध्यंतरी भेटायला गेलो तेव्हा त्यांना फोनच्या कीबोर्डवर ॿ कुठे मिळतो ते दाखवले. त्यांनी तो एकदा उमटवला, चष्मा वर करून पाहिला, आणि रेघ फार बारीक आहे म्हणाले.