व्हीआर हेडसेट घ्यायचाय? आधी हे वाचून घ्या

व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी. हेडसेट डोळ्यांवर चढवला की गेमचं जग चारही बाजूंना दिसतं, आणि मान वळवाल तिकडचं चित्र समोर येतं. आमच्या दुकानात येणारे बरेच जण, विशेषतः मुलांसाठी काहीतरी घ्यायला आलेले आईवडील, एकच प्रश्न विचारतात. ‘आता सगळे गेम व्हीआरमध्येच येणार ना? मग कन्सोलवर पैसे कशाला घालायचे?’

आमचं उत्तर सरळ आहे. सगळे गेम व्हीआरमध्ये येणार नाहीत. कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र), कम्प्युटर आणि मोबाइल आहेत तिथेच राहतील. पण मोजक्या प्रकारच्या गेममध्ये हेडसेटनं पाडलेला फरक एवढा मोठा आहे, की तो एकदा अनुभवलेल्या माणसाला तोच गेम पडद्यावर खेळताना फिका वाटतो. तुम्हाला आवडणारे गेम त्या मोजक्यांत बसतात का, एवढंच ठरवायचं असतं. आम्ही हेडसेट विकतो आणि भाड्यानंही देतो. तरीही हे पत्रक लिहिलं, कारण हौसेनं घेतलेला हेडसेट चार महिन्यांत कपाटाच्या वरच्या खणात गेल्याचं गिऱ्हाइकाकडून ऐकलं की आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

तीस वर्षांपासूनचं आश्वासन

‘आता गेमिंग कायमचं बदलणार’ हे काही आज पहिल्यांदा सांगितलं जात नाहीये. 1995 मध्ये निन्टेंडोनं व्हर्च्युअल बॉय नावाचं यंत्र आणलं होतं. त्यात डोळे लावून बघायचं, आणि चित्र फक्त लाल आणि काळ्या रंगात. वर्षभरातच ते बंद करावं लागलं. पुढे 2012 मध्ये हेडसेट बनवू पाहणाऱ्या ऑक्युलस कंपनीनं किकस्टार्टर या लोकांकडून पैसे गोळा करायच्या वेबसाइटवर अडीच लाख डॉलर मागितले आणि जवळजवळ 24 लाख डॉलर जमा झाले. 2014 मध्ये फेसबुकनं ती कंपनी सुमारे 2 अब्ज डॉलरना घेतली. 2016 मध्ये ऑक्युलस रिफ्ट, एचटीसी व्हाइव्ह आणि सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर असे तीन मोठे हेडसेट एकाच वर्षात बाजारात आले.

मग झालं काय? सोनीनं 2020 च्या सुरुवातीला स्वतःच दोन आकडे एकत्र जाहीर केले. तोवर सोनीचे प्लेस्टेशन 4 कन्सोल विकले गेले होते 10 कोटी 60 लाख, आणि त्याला जोडायचे व्हीआर हेडसेट 50 लाख. म्हणजे कन्सोल असलेल्या वीस-एकवीस घरांमागे एका घरात हेडसेट. पन्नास लाख हा लहान आकडा नाही. पण उरलेल्या घरांत लोक पूर्वीसारखेच सोफ्यावर बसून खेळत होते. 2023 मध्ये सोनीचा दुसरा हेडसेट आला तो 549 डॉलरला, म्हणजे ज्या प्लेस्टेशन 5 ला तो जोडायचा त्याच्याहून महाग. दोन वर्षांनी किंमत 399 डॉलरवर आणावी लागली.

इथे कोंबडी आधी की अंडं आधी असा पेच आहे. हेडसेट कमी घरांत, म्हणून गेम बनवणारे मोठे स्टुडिओ त्यासाठी मोठे गेम करायला धजत नाहीत. मोठे गेम नाहीत, म्हणून लोक हेडसेट घेत नाहीत. कंपन्या किंमत कमी करून हा पेच सोडवू बघतायत. मेटा, म्हणजे पूर्वीची फेसबुक कंपनी, हिचा 2024 चा क्वेस्ट 3एस हेडसेट 299 डॉलरला आला, आणि त्याला वेगळा कम्प्युटर लागत नाही. तरीही आमच्या मते मुख्य अडचण किमतीची नाही, शरीराची आहे.

पोटात का ढवळतं

नाशिकहून मुंबईला जाताना कसारा घाटात बस लागणारी माणसं प्रत्येक घरात एक तरी असतात. पिशवीत आलेपाक घेऊनच निघतात. ते का होतं? कानाच्या आतल्या भागात बारीक नलिका असतात. त्यांतलं द्रव डोक्याबरोबर हलतं आणि डोकं कुठे, किती वेगानं वळतंय हे मेंदूला कळवतं. बसमध्ये कान सांगतो ‘वळण आलं’, पण डोळे मोबाइलवर किंवा पुढच्या सीटवर असतात, आणि त्यांना सगळं स्थिर दिसतं. दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगायला लागले की मेंदू गोंधळतो आणि मळमळ सुरू होते.

व्हीआरमध्ये हेच उलटं होतं. डोळ्यांना दिसतं की आपण धावतोय, पण तुम्ही तर हॉलमध्ये जागच्या जागी उभे असता. कान म्हणतो, काहीच हललेलं नाही. अंगठ्यानं कंट्रोलरची काडी पुढे ढकलून पात्राला पळवायचं, ही पद्धत साध्या गेममध्ये इतकी मुरलेली आहे की तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. हेडसेटमध्ये नेमकी तीच त्रास देते.

यंत्राच्या बाजूनं जे करता येतं ते बरंच झालंय. मान वळवल्यावर चित्र बदलायला सुमारे 20 मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, असं या क्षेत्रात धरलं जातं. आजचे चांगले हेडसेट सेकंदाला 72 ते 120 चित्रं दाखवतात. गेम बनवणाऱ्यांनीही युक्त्या काढल्या. चालण्याऐवजी बोट दाखवाल त्या जागी एकदम पोचायचं, वळताना हळू न फिरता झटक्यात कोन बदलायचा, पळताना नजरेच्या कडा काळ्या करायच्या. सेटिंगमध्ये या सोयी बहुतेक ‘कम्फर्ट’ नावाखाली असतात. सुरुवातीला त्या सगळ्या चालू ठेवा.

आणि एक कळकळीची विनंती. गरगरायला लागलं की त्याच क्षणी हेडसेट काढा. ‘थोडं सहन केलं की सवय होते’ हा सल्ला चुकीचा आहे. ताणून खेळलात तर दुसऱ्या दिवशी हेडसेट नुसता हातात घेतला तरी नको वाटायला लागतं. सवय होते ती दहा-दहा मिनिटांनी, त्रास सुरू होण्याआधी थांबून.

कोणते गेम खरंच बदलले

वरची गोष्ट लक्षात घेतली की कुठले गेम यशस्वी झाले आणि का, ते आपोआप उलगडतं. ज्या गेममध्ये पाय जागेवर असतात आणि हात खरोखर काम करतात, तेच टिकले.

बीट सेबर बघा. प्रागमधल्या एका छोट्या स्टुडिओनं 2018 मध्ये आणलेला हा गेम. समोरून रंगीत ठोकळे येतात आणि गाण्याच्या ठेक्यावर दोन्ही हातांतल्या तलवारींनी ते कापायचे. बस्स, एवढंच. माणूस जागचा हलत नाही, म्हणून गरगरत नाही. हात जेवढा फिरवला तेवढाच फिरलेला दिसतो. एक गाणं झालं की घाम येतो. दुकानात कधीच गेम न खेळलेल्या ताईंना आम्ही आधी हाच देतो, आणि बहुतेक जणी दुसरं गाणं मागतात.

2021 मध्ये आलेल्या गोरिला टॅगनं तर चालण्याचा प्रश्नच वेगळ्या तऱ्हेनं सोडवला. त्यात पायच नाहीत. माकडासारखे हातांनी जमिनीला, झाडाला रेटे देत पुढे जायचं. चित्र साधं, जवळजवळ बाळबोध. पण वेग तुमच्या हातातून येतो, म्हणून बऱ्याच जणांच्या मेंदूला तो पटतो. मुलांना त्याचं वेड आहे. त्यात सगळे अनोळखी लोक बोलत असतात, तेव्हा पालकांनी आवाजाची सेटिंग आधी बघावी.

मोठ्यांसाठी सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे मार्च 2020 चा हाफ-लाइफ: ॲलिक्स. हा फक्त व्हीआरसाठीच बनवला गेला. साध्या नेमबाजीच्या गेममध्ये एक बटण दाबलं की बंदूक भरते. इथे गोळ्या संपलेलं मॅगझिन टाकायचं, खांद्यामागे हात नेऊन नवं काढायचं, बसवायचं, आणि हे सगळं समोरून कुणी चालून येत असताना. हात थरथरतात, मॅगझिन खाली पडतं. ती भीती पडद्यावर नाही, तुमच्या बोटांत असते. सुरुवातीलाच एका जागी मार्कर पेन आणि लिहायला काच आहे. एका आजोबांनी दुकानात तो पेन उचलून पहिल्यांदा काय लिहिलं असेल, तर ‘श्री’. कुणी सांगितलं नव्हतं. गेमनं खेळाडूला आत घेतलं असं आम्ही म्हणतो ते याला. या गेमला मात्र तगडं ग्राफिक्स कार्ड असलेला कम्प्युटर लागतो, आणि त्याच्या तोलाचे गेम त्यानंतर फार थोडे आले.

गाड्यांच्या शर्यती आणि विमान उडवणं हे दुसरं मोठं घर. ग्रान टुरिस्मो 7 प्लेस्टेशनच्या दुसऱ्या हेडसेटमध्ये, आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर कम्प्युटरला जोडलेल्या हेडसेटमध्ये. वळणावर मान वळवून रस्ता पुढे कुठे जातोय ते बघता येतं, पुढच्या गाडीचं अंतर खरं वाटतं. खेळणारा खुर्चीत, आणि भोवती गाडीची चौकट स्थिर दिसते, त्यामुळे पुष्कळांना त्रास कमी होतो. सगळ्यांना नाही. स्टिअरिंग व्हील आधीपासून घरी असेल, तर हेडसेटचा विचार जरूर करा.

क्रिकेटही आहे. हैदराबादच्या प्रोयुगा कंपनीनं आयबी क्रिकेट केला आहे. चेंडू अंगावर येतो, टप्पा ओळखून खेळावं लागतं, आणि खांद्यापाशी उसळलेल्या चेंडूला माणूस खरंच मागे सरतो. बॅटचं वजन हातात नसतं, ती उणीव राहतेच.

फुटबॉल, वरून मैदान बघून डाव टाकायचे गेम, मित्रांबरोबर मोबाइलवर तासन्‌तास चालणाऱ्या लढाया यांना हेडसेटची गरज नाही. मेटाच्या क्वेस्ट 3 चं वजन 515 ग्रॅम आहे आणि बॅटरी साधारण दोन-सव्वादोन तास चालते. अर्धा किलो कपाळावर घेऊन कुणी रविवारची अख्खी दुपार खेळत नाही.

मोबाइल घालायचे डबे

गूगल कार्डबोर्ड 2014 मध्ये आला, आपल्याकडे जिओडाइव्ह 2023 मध्ये 1,299 रुपयांना. यांत मोबाइल बसवून मॅच किंवा व्हिडिओ बघायला ठीक. पण हे फक्त मान वळलेली ओळखतात. तुम्ही एक पाऊल पुढे टाकलं तरी आतल्या जगात तुम्ही जागच्या जागीच राहता. अशा डब्यावरून ‘व्हीआरमध्ये काही दम नाही’ असं ठरवू नका.

आपल्या घरात तो मावतो का

उभं राहून खेळायला साधारण 2 मीटर बाय 2 मीटर मोकळी जागा हवी. टीपॉय आणि दिवाण सरकवून एवढी होते का, ते आधी टेप लावून बघा.

छताचा पंखा ही आपल्याकडची खरी जोखीम आहे. आपल्या फ्लॅटमध्ये उंच माणसानं तलवार वर नेली तर हात पात्याला लागतो. एका गिऱ्हाइकाची तर्जनी अशीच फाटली, टाके पडले. त्या दिवसापासून आम्ही भाड्यानं देतानाही आधी पंख्याविषयीच विचारतो. पंखा बंद करा किंवा त्याच्या खाली उभे राहू नका. कंट्रोलरचा पट्टा मनगटात अडकवा, नाहीतर कंट्रोलर टीव्हीत जातो. गुळगुळीत फरशीवर मोजे नकोत. मध्यभागी छोटी सतरंजी टाकून त्यावर उभे राहा. पायाला काठ लागला की आपण भरकटलो हे हेडसेट न काढता कळतं.

हेडसेट बाहेरच्या कॅमेऱ्यांनी खोली ओळखतो. अंधार, आरशाचं कपाट आणि अगदी कोरी पांढरी भिंत या तिन्हींत तो गोंधळतो. भिंतीवर एखादं कॅलेंडर लावलं तरी फरक पडतो.

उन्हाचं मात्र विसरू नका. भिंगातून ऊन आत गेलं तर काही मिनिटांत आतला पडदा जळतो, आणि तो डाग जात नाही. खिडकीपाशी, बाल्कनीत, गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच ठेवू नका. भिंगं कोरड्या मऊ फडक्यानंच पुसा. स्पिरिट किंवा काच पुसायचं पाणी नको. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा.

मुलं आणि डोळे

मेटानं वयाची खालची मर्यादा 10 वर्षं ठेवली आहे, तीही पालकांच्या देखरेखीतल्या खात्यासह. सोनी 12 वर्षांखालच्या मुलांना हेडसेट देऊ नका म्हणते. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी कुणी मागितला तर आम्ही नाही म्हणतो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. लहान मुलांच्या दोन बुबुळांतलं अंतर कमी असतं आणि हेडसेट मोठ्यांच्या मापाचे असतात. घरात कुणाला फिट येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

मोठ्यांनीही अर्ध्या तासानं हेडसेट काढून खिडकीबाहेर लांब बघावं. आतल्या वस्तू जवळ-लांब दिसतात, पण प्रत्यक्ष चित्र डोळ्यांपासून एकाच ठरावीक अंतरावर असतं. त्यामुळे डोळे दमतात.

घेताना

बाहेरदेशातून आलेला हेडसेट असेल तर वॉरंटी कुठल्या देशात चालते ते बिलावर लिहून घ्या, आमच्याकडूनसुद्धा. जुना घेत असाल तर पांढरं चित्र लावून पडद्यावर जळका डाग दिसतो का बघा, भिंगावरचे ओरखडे उजेडात तपासा, आणि आधीच्या मालकानं आपलं खातं काढलंय याची तिथल्या तिथे खात्री करा.

वीस मिनिटं दुकानात खेळून बघितल्याशिवाय आम्ही हेडसेट विकत नाही. पटलं तर शनिवार-रविवार भाड्यानं घरी न्या, आतलं चित्र टीव्हीवर कास्ट करून, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर पाठवून, घरच्यांनाही दाखवा. विकत घेतलात तर ते भाडं किमतीतून वजा करू. ट्रायलला यायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी चारनंतर. जो खेळणार आहे त्यालाच घेऊन या. चष्मा असेल तर तो आणा, आणि भरपेट जेवून येऊ नका.