"श्वासाचं करून बघितलं, काही फरक नाही पडला" असं म्हणण्याआधी हे वाचा

आमच्या काउन्सेलिंग सेंटरला दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला हे वाक्य इतक्या वेळा ऐकायला मिळतं की शेवटी हे पत्रकच छापायचं ठरवलं. आम्ही विचारतो, घबराटीसाठी सांगितलेला श्वासाचा सराव कधी केलात? उत्तर ठरलेलं, छातीत धडधड सुरू झाली, हात गार पडले, तेव्हा. म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली. सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथेच, तीन-चार सेशन निघून जातात आणि माणूस ठरवून टाकतो की आपल्याला हे जमणारच नाही.

घाबरल्यावर शरीर पळायच्या किंवा भिडायच्या तयारीत असतं, ॲड्रेनलिन (धोक्याच्या वेळी अंगात वाढणारं संप्रेरक) वाढलेलं असतं, त्या वेळी डोकं नवीन काही शिकत नाही, अंगवळणी पडलेलं असेल तेवढंच आठवतं. म्हणून सराव करायचा तो मन बरं असताना, दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. ४ मोजत नाकाने श्वास आत, ६ मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण ६ श्वास होतात. भर सोडण्यावर द्या, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. बरेच जण उलट करतात, छाती फुगवून भराभर मोठे श्वास ओढतात, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती अजून वाढते. श्वास मोठा नको, सावकाश हवा.

आणि दर मिनिटाला "गेली का भीती?" असं तपासत बसू नका. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी एक प्रयोग केला होता, लोकांना सांगितलं पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही आणि आलाच तर घंटी वाजवायची, तर घंटी वाजतच राहिली. भीतीचंही तसंच आहे, हाकलायला गेलं की ती जास्त चिकटते. दहापैकी ८ वरची घबराट ६ वर आली, हातातलं काम पुढे सरकलं, तर त्या दिवसापुरतं खूप झालं.

आता वहीचं, म्हणजे कधी, काय झालं, काय वाटलं आणि दहापैकी किती, हे रोज लिहायची वही. "मॅडम, शाळेसारखा होमवर्क कशाला?" असं विचारतात, पण वही आम्ही सोडणार नाही. एका ताईंच्या वहीत दोन आठवडे रोज एकच शब्द, "टेन्शन" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). आम्ही म्हटलं, हा शब्द आठवडाभर बंद, दुसरा शोधा. पुढच्या वेळी लिहून आणलं, "दुपारी ३.१०, मीटिंगमध्ये माझं बोलणं मध्येच तोडलं, कान गरम झाले, लाज वाटली, ७." लाज आहे हे कळल्यावर कामच बदललं, कारण भीतीचे उपाय लाजेला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. भावनेला नेमकं नाव दिलं की तिचा जोरही थोडा ओसरतो.

रात्री विचार थांबत नसतील तर संध्याकाळी २० मिनिटं फक्त काळजीसाठी ठेवा, बाकी वेळी आलेली काळजी एका ओळीत लिहून त्या वेळेवर ढकला. आणि ज्या गोष्टीची भीती वाटते ती टाळत गेलात तर त्या क्षणी बरं वाटतं खरं, पण पुढच्या वेळी ती अजून अवघड वाटते, तिचे छोटे टप्पे कसे पाडायचे हे सेशनमध्ये एकत्र बसूनच ठरवलेलं बरं.

छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, घबराटच असेल असं परस्पर धरून चालू नका. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्वतःला काही करून घ्यावंसं वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट अजिबात बघू नका, जवळच्या माणसाला लगेच सांगा आणि तातडीची मदत घ्या.

नियमित येणाऱ्यांना ४-६ च्या मोजणीचं ऑडिओ रेकॉर्डिंग आम्ही मोबाइलवर फुकट देतो, रिसेप्शनला मागा. पुढच्या सेशनला वही घेऊन या, विसरलात तर मोबाइलमध्ये लिहिलेलंही चालेल, फक्त वेळ आणि आकडा त्याच दिवशी टाका, येताना रिक्षात बसून आठवून लिहिलेलं लगेच कळतं आणि त्याचा उपयोग होत नाही.