स्नायुपेशींचे प्रभाजन

स्नायूच्या पेशी फोडून त्यांतील केंद्रके, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका (मायटोकाँड्रिया), पटलांच्या पिशव्या आणि विद्राव्य पेशीद्रव प्रयोगशाळेतील अभ्यासासाठी वेगवेगळे काढण्याच्या पद्धतीला स्नायुपेशींचे प्रभाजन म्हणतात. ही पद्धत मुळात स्नायूंसाठी घडलेली नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत आल्बेर क्लोद यांनी अर्बुदे व यकृत यांवर तिचा पाया घातला आणि जॉर्ज पॅलाडी व क्रिस्तियाँ द दुव यांनी तिचा विस्तार केला; या तिघांना १९७४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यकृत मऊ असते, दट्ट्याच्या चार-सहा फेऱ्यांत त्याचा एकजीव लगदा होतो. कंकाल स्नायूच्या पेशीचा मात्र सुमारे ८० टक्के भाग ॲक्टिन व मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनांच्या स्नायुतंतुकांनी दाटलेला असतो आणि बाहेरून संयोजी ऊतीचे चिवट वेष्टन असते, त्यामुळे येथे खरी अडचण अंगके (पेशीतील केंद्रक, तंतुकणिका यांसारखे भाग) वेगळी करण्याची नसून ती या जुडग्यांतून धड बाहेर काढण्याची आहे. यकृताला मानवणाऱ्या निव्वळ सुक्रोजच्या (साखरेच्या) द्रावणात स्नायूचा लगदा जेलीसारखा घट्ट होतो. म्हणून चॅपेल आणि पेरी यांनी १९५४ मध्ये कबुतराच्या छातीच्या स्नायूतून तंतुकणिका काढताना पोटॅशियम क्लोराइडचे माध्यम वापरले. माध्यमात कॅल्शियम बांधून ठेवणारा पदार्थही घालावा लागतो, कारण मोकळे कॅल्शियम मिळताच स्नायुतंतुके आकुंचन पावतात आणि तंतुकणिका ते शोषून फुगतात.

काम बर्फावर चालते. ताज्या स्नायूची चरबी व पांढरे पडदे काढून तो कात्रीने अगदी बारीक करतात आणि काचेच्या नळीत टेफ्लॉनच्या दट्ट्याने घोटतात. घोटताना फेस येऊ देत नाहीत, कारण हवेच्या बुडबुड्यांच्या पृष्ठावर प्रथिनांची घडी उलगडून ती बिघडतात. हा लगदा अपकेंद्रित्रात (सेंट्रिफ्यूजमध्ये) गुरुत्वाच्या सुमारे ६०० ते १,००० पट बलाला फिरवला की केंद्रके, स्नायुतंतुके आणि न फुटलेले तुकडे तळाशी बसतात. वरची निवळ दुसऱ्या नळीत घेऊन ती सुमारे १०,००० पटीला फिरवली की तंतुकणिकांचा तपकिरी साका मिळतो. हा रंग त्यांतील सायटोक्रोम या रंगीत प्रथिनांचा. उरलेली निवळ १,००,००० पटीला तासभर फिरवल्यावर सूक्ष्म पिशव्या खाली येतात आणि वर विद्राव्य पेशीद्रव राहते. प्रयोगवहीत मिनिटाला किती फेरे एवढेच लिहिलेले असेल तर त्या नोंदीचा दुसऱ्याला काही उपयोग नाही, कारण तेवढ्याच फेऱ्यांना मिळणारे बल अपकेंद्रित्राच्या फिरत्या चक्राच्या त्रिज्येनुसार बदलते.

स्नायूतील तंतुकणिका दोन ठिकाणी असतात : पेशीपटलाखाली आणि स्नायुतंतुकांच्या फटींत. पहिल्या प्रकारच्या नुसत्या घोटण्याने सुटतात. दुसऱ्यांसाठी नागार्से नावाचे जिवाणूजन्य प्रथिनपाचक विकर थोडा वेळ लावावे लागते. पामर, टँडलर आणि हॉपेल यांनी १९७७ मध्ये उंदराच्या हृदयातून हे दोन गट याच मार्गाने निराळे काढले. विकर वेळेत थांबवले नाही, तर ते तंतुकणिकांच्या बाह्य पटलावरील प्रथिनेही कुरतडते.

सूक्ष्म पिशव्यांच्या साक्याने स्नायुविज्ञानाला बहुधा सर्वांत मोठी देणगी दिली. मार्श यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी स्नायूच्या लगद्यात शिथिलन (आकुंचलेला स्नायू सैल होणे) घडवणारा घटक असल्याचे दाखवले होते. तो एखादा विद्राव्य पदार्थ नसून स्नायुद्रव जालिकेच्या (स्नायुपेशीतील कॅल्शियम साठवणाऱ्या पटलांच्या जाळ्याच्या) तुटून मिटलेल्या पिशव्या आहेत आणि त्या एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य खर्चून कॅल्शियम आत ओढतात, हे पुढे एबाशी, तसेच हासेलबाख व माकिनोसे यांच्या कामातून १९६० च्या सुमारास स्पष्ट झाले. सुक्रोजच्या घनता-उतारावर याच पिशव्यांचे हलके आणि जड असे भाग पडतात. कॅल्शियम सोडणारी रायनोडीन ग्राही नावाची प्रथिने जड भागात एकवटलेली आढळतात.

कोणताही भाग पूर्ण शुद्ध नसतो; त्यात एक घटक वाढलेला असतो, एवढेच. त्यामुळे सायट्रेट सिंथेज तंतुकणिकांसाठी, लॅक्टेट डीहायड्रोजनेज पेशीद्रवासाठी, हिस्टोन केंद्रकांसाठी अशा खूणप्रथिनांची (त्या-त्या घटकाची ओळख पटवणाऱ्या प्रथिनांची) मोजणी प्रत्येक भागात आणि मूळ लगद्यातही करावी लागते. केंद्रकांच्या साक्यात रक्तवाहिन्या व संयोजी ऊतींतील पेशींची केंद्रकेही येतात, ती वेगाच्या फरकाने वेगळी होत नाहीत. मूळ स्नायूतल्या तंतुकणिकांपैकी हाती येणारा वाटाही बहुतेक वेळा निम्म्याहून कमी असतो आणि गोठवलेल्या स्नायूत त्यांची पटले फुटलेली असल्याने श्वसनमापनाला (त्या किती ऑक्सिजन वापरतात हे मोजायला) ताजाच नमुना लागतो. मानवी स्नायूचा काही मिलिग्रॅमांचा तुकडाच हाती असेल, तर अनेक प्रयोगशाळा आता तंतुकणिका बाहेर न काढता सॅपोनिन या पटल भेदणाऱ्या रसायनाने पेशीपटलाला छिद्रे पाडून त्या जागच्या जागी तपासतात.