परंपरा कोणी पोसली? रमण्याची दक्षिणा ते आळंदीची माधुकरी

आळंदीत सकाळी अकराच्या सुमारास माउलींच्या देवळाभोवतीच्या गल्ल्यांतून चाललं की पांढरं धोतर-सदरा, कपाळी गोपीचंदन, गळ्यात तुळशीची माळ अशी मुलं भेटतात. कुठल्यातरी धर्मशाळेच्या माडीवरून पखवाजाचे बोल ऐकू येत असतात. ही मुलं ज्ञानेश्वरी आणि गाथा शिकायला आलेली असतात. धर्मपरंपरेच्या पुनरुज्जीवनाचा विषय निघाला की आपण जीर्णोद्धार, कळस, गाभारा यांवरच बोलतो. मला मात्र त्यामागचा जरा रोकडा सवाल महत्त्वाचा वाटतो: शिकणाऱ्या पोराला दोन वेळचं जेवण कोणी घातलं? मराठी मुलखात गेल्या तीनशे वर्षांत या सवालाचं उत्तर वरचेवर बदललं. त्यासरशी काय शिकवायचं आणि कोणाला शिकवायचं, हेही बदललं.

देवळांची कथा त्या मानाने ओळखीची आहे. पोर्तुगिजांच्या धाकाने गोव्यातल्या साष्टी-तिसवाडीतले देव अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, हलवले गेले. कुठ्ठाळीचा मंगेश 1560 मध्ये प्रियोळला आला. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये पुन्हा बांधवलं. अहिल्याबाई होळकरांनी 1780 मध्ये काशीविश्वेश्वराचं मंदिर उभं केलं, मग सोमनाथ, मग गयेचं विष्णुपद. त्यांच्या कामात मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो तो पुढचा भाग. देऊळ बांधून त्या थांबल्या नाहीत. पूजा-नैवेद्याची नेमणूक, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं यांची तजवीज त्यांनी केली, तीही बहुतेक आपल्या खासगीच्या उत्पन्नातून. दगड एकदाच रचावा लागतो, चूल मात्र रोज पेटवावी लागते, हे त्यांना ठाऊक होतं.

विद्येची चूल पुण्यात पेटली ती श्रावणात. विद्वान ब्राह्मणांना श्रावणमासी दक्षिणा देण्याची चाल मुळात मराठ्यांचे सेनापती असलेल्या तळेगावच्या दाभाड्यांची. 1731 मध्ये डभोईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि ती चाल पेशव्यांनी आपल्याकडे घेतली. पर्वतीच्या पायथ्याशी आवार घालून रमणा केला गेला. देशभरातून ब्राह्मण तिथे जमत. शास्त्र्यांची परीक्षा होऊन योग्यतेप्रमाणे दक्षिणा मिळे, आणि बाकीच्या भिक्षुकांना रमण्यात सोडून दारातून बाहेर पडताना हातावर नाणी ठेवली जात. परीक्षेसाठी कोणी वर्षानुवर्षं संथा घेतली आणि कोणी फक्त रमण्याची वाट धरली, हा भेद दुसऱ्या बाजीरावाच्या काळापर्यंत बराच पुसट झाला होता. खर्च मात्र काही लाखांच्या घरात गेला होता.

संथा म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. गुरुजी एक चरण म्हणणार, विद्यार्थी तो ठरावीक वेळा जसाच्या तसा म्हणणार, मग पुढचा चरण. आधी संहिता, मग पद, क्रम, आणि ज्याची छाती असेल त्याने जटा आणि घन, म्हणजे शब्द उलटसुलट जोडून म्हणायचे अवघड पाठ. दशग्रंथी व्हायला, म्हणजे वेद आणि त्याची अंगं मिळून दहा ग्रंथ तोंडपाठ करायला, दहा-बारा वर्षं सहज जात. एवढी वर्षं पोरगा खाणार काय? कोणी माधुकरी मागे, कोणी वार लावून जेवे: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. वेद टिकवण्यात पाठांतराचा वाटा सगळे सांगतात. वार घालणाऱ्या बायकांचं नाव कुठल्याही पोथीत नाही.

1818 मध्ये पेशवाई गेली. नव्या मुलखाचा कारभार पाहणारा इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टन धूर्त होता. दक्षिणा एकदम बंद केली तर पुणं बिथरेल हे ओळखून त्याने ती पन्नास हजारांवर आणली आणि तिच्यातलाच काही पैसा पाठशाळेकडे वळवला. 6 ऑक्टोबर 1821 रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक, शिवाय वेद. पुढे वेदांचे वर्ग गेले, इंग्रजी आली, 1851 मध्ये पूना कॉलेज झालं आणि त्यातूनच येरवड्याचं डेक्कन कॉलेज. म्हणजे दाभाड्यांच्या श्रावणी दक्षिणेचा ओघ तिथल्या टेकाडावर जाऊन पोचला.

वाटेत त्याला एक फाटाही फुटला. 1849 च्या सुमारास पुण्यातल्या तरुण सुधारकांनी अर्ज केला की ही दक्षिणा मराठीत उपयोगी पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही मिळावी. शास्त्रीमंडळी खवळली. तरीही दक्षिणा प्राइझ फंड निघाला, आणि पुढे त्याच निधीतून जोतीराव फुल्यांच्या शाळांनाही मदत मिळाली. रमण्याच्या दारात उभ्या असलेल्या एखाद्या भटजींना हे आधी कोणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

तिकडे वारकऱ्यांना रमण्याशी कधीच कर्तव्य नव्हतं. त्यांची विद्या फडांत, म्हणजे एकेका महाराजांच्या परंपरेतल्या वारकऱ्यांच्या गटांत, चाले, आणि पुष्कळदा ऐकूनच येई. पेशवाई बुडाल्यानंतरच्या वर्षांत, ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे चाकरी केलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरांच्या पालखीला आजची शिस्त दिली. दिंड्यांचे क्रम, मुक्काम आणि तळ त्यांनी लावून दिले. घोडे आणि तंबू अंकलीच्या शितोळे सरदारांनी पुरवले. माउलींचे अश्व अजूनही अंकलीहूनच येतात. सरकार बदललं तरी हे चाललं, कारण दिंडीत ज्याची त्याची शिदोरी असते.

विष्णुबुवा जोगांनी याच जमिनीत बी पेरलं. 1867 चा जन्म, तालमीत घडलेलं शरीर, आजन्म ब्रह्मचर्य. पुण्यात प्रवचन-कीर्तनं करता करता त्यांना दिसलं की कीर्तनकार उदंड आहेत, पण ग्रंथ मुळातून वाचलेले थोडे. चमत्कारांच्या गोष्टींवर आणि गळ्यावर बरंचसं निभावून जात होतं. म्हणून 1917 मध्ये त्यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. अभ्यास चार वर्षांचा: ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, तुकोबांची गाथा आणि त्यांच्या जोडीला गीता-उपनिषदांसारखा संस्कृत पाया. फी नाही, जातीची अट नाही. राहायला धर्मशाळा, जेवायला माधुकरी. ब्राह्मण बटूची झोळी इथे शेतकऱ्याच्या पोराच्या खांद्यावर आली. गाजावाजा न होता झालेला हा बदल मला मोठा वाटतो. जोग 1920 मध्ये गेले, संस्थेला जेमतेम तीन वर्षं झाली होती. पण बंकटस्वामी, मारुतीबुवा गुरव, लक्ष्मणबुवा कुंदकर आणि पुढे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झालेले सोनोपंत दांडेकर अशी माणसं तोवर घडली होती, आणि त्यांनी संस्था निभावून नेली.

त्याच सुमारास वाईत नारायणशास्त्री मराठे प्राज्ञपाठशाळा चालवत होते. विनोबा तिथे शिकून गेले. लक्ष्मणशास्त्री जोशी खानदेशातून पोरवयात आले आणि तिथलेच झाले. जुन्या पद्धतीने शास्त्र शिकलेल्या या माणसांनीच अस्पृश्यतेला शास्त्राधार नाही असं शास्त्रानेच मांडलं. धर्मकोशाचे खंड इथूनच निघू लागले, पहिला 1937 मध्ये.

कोल्हापूरची वाट वेगळी, आणि त्यात राग होता. पंचगंगेवर आपल्यासाठी वेदांतले वेदोक्त नव्हे तर शूद्रांसाठी मानलेले पुराणोक्त मंत्र म्हटले जातात, हे कळल्यावर शाहू महाराजांनी वतनं खालसा करण्यापर्यंत मजल नेली आणि 1920 मध्ये ब्राह्मणेतर पुरोहित घडवायला शिवाजी वैदिक विद्यालय काढलं.

देवळाचं दार मात्र शाळेच्या दाराहून सावकाश उघडलं. पंढरपूरचा गाभारा दलितांना खुला व्हावा म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये दहा दिवस उपाशी राहावं लागलं. पंढरपूर मंदिर कायदा 1973 चा, पण बडवे-उत्पात या पिढीजात पुजाऱ्यांच्या हक्कांचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून लागायला 2014 उजाडलं.

आज आळंदीत जोगांच्या संस्थेशिवाय छोट्या-मोठ्या खासगी संस्था पुष्कळ झाल्या आहेत. काही नीट चालतात. काहींत एका खोलीत किती पोरं निजतात ते आईबापांनी एकदा जाऊन पाहावं. शिकून निघालेला मुलगा गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहांत उभा राहतो. सात दिवसांची वर्गणी, रोज एका आळीकडे पंगत, मारुतीच्या देवळापुढे मांडव, आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन. काला वाटून झाला की पंचमंडळी महाराजांची बिदागी पाकिटात घालतात, आणि पुढच्या वर्षीची पंगत कोणी धरायची याची बोली तिथेच, मांडव सोडण्याआधी, लागते.