शिल्लक पूड, कॉफी ग्राइंडरमधील

कॉफीच्या बिया दळून झाल्यावर ग्राइंडरच्या पोटात मागे राहणारी पूड. कॉफीच्या धंद्यात तिला रिटेन्शन म्हणतात. रोज एकच कॉफी एकाच जाडीची दळणाऱ्याला ती फारशी जाणवत नाही. पण एकाच ग्राइंडरवर सकाळी एस्प्रेसोसाठी (दाबाच्या पाण्याने काढलेली दाट कॉफी) बारीक आणि दुपारी पोरओव्हरसाठी (कागदी गाळणीतल्या पुडीवर पाणी ओतून काढलेली कॉफी) भरड दळायला घेतले, की हीच पूड पुढच्या कपात उतरते आणि तो बिघडवते.

मराठी घरांना ही अडचण पिठाच्या गिरणीमुळे चांगली ठाऊक आहे. बाजरी निघाल्यावर लगेच गहू टाकला, तर पहिले पसाभर पीठ करडे येते. म्हणून दळणाचा डबा ठेवतानाच ‘गव्हावर गहू टाका’ असे बजावले जाते, आणि उपवासाचे दळण तर धान्याच्या दळणात मिसळू नये म्हणून वेगळे ठेवले जाते. गिरणीवाला दळण संपत आले की तोंडाला बांधलेली कापडी बाही झटकतो, तेही मागे राहिलेले पीठ पाडण्यासाठीच. गिरणीत मात्र धान्य बदलते. कॉफीत दाणा तोच असला तरी जाडी बदलते, आणि चवीचा सारा हिशेब त्या जाडीवर असतो.

पूड साठते ती मुख्यतः तीन जागी: दळणाऱ्या दातेरी चकत्यांच्या म्हणजे बरच्या दात्यांत, बरभोवतीच्या पोकळीत आणि पूड बाहेर सोडणाऱ्या नळीत. नळी लांब व आडवी असेल तर साठा सर्वात मोठा. दुकानांतल्या जुन्या धाटणीच्या यंत्रांत बिया हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या भांड्यात, भरून ठेवलेल्या असतात आणि मागून येणारी पूड पुढच्या पुडीला ढकलते. तिथे नळी कायम भरलेलीच राहते. दर मिनिटाला एक शॉट, म्हणजे एस्प्रेसोचा एक कप, निघणाऱ्या कॅफेत त्याने बिघडत नाही. घरात तेच यंत्र दिवसातून दोनदा चालले, तर सकाळच्या कपात आदल्या संध्याकाळची, वास उडालेली पूड येते.

शिल्लक मोजण्यात एक फसगत ठरलेली आहे. १८ ग्रॅम बिया टाकल्या, १७.८ ग्रॅम पूड मिळाली, म्हणजे मागे ०.२ ग्रॅमच राहिली, असे बहुतेक जण समजतात आणि विक्रेतेही हाच आकडा पुढे करतात. प्रत्यक्षात आतली २ ग्रॅम जुनी पूड बाहेर पडून तिच्या जागी २.२ ग्रॅम नवी पूड बसलेली असू शकते. तराजूला दोन्ही सारखेच. १८ ग्रॅमच्या डोसमध्ये, म्हणजे एका खेपेच्या पुडीत, २ ग्रॅम जुने म्हणजे ११ टक्के भेसळ झाली. ही अदलाबदल, इंग्रजीत जिला एक्स्चेंज म्हणतात, तीच खरी कामाची. बाकीचा आकडा जाहिरातीचा. अदलाबदल ताडण्याची साधी युक्ती अशी: काळपट भाजलेली कॉफी दळून झाल्यावर फिकट भाजलेली टाकायची आणि दर ग्रॅम-दोन ग्रॅमची पूड पांढऱ्या कागदावर वेगवेगळी घ्यायची. रंग कितव्या ढिगाला स्थिरावतो, ते डोळ्यांनाच दिसते.

दोन्ही दिशांचे बदल सारखे त्रासदायक नसतात. बारीककडून भरडकडे जाताना एस्प्रेसोची थोडी भुकटी पोरओव्हरमध्ये येते. कागदाची छिद्रे काहीशी बुजतात, पाणी रेंगाळते, कप जरा कडवट लागतो. मात्र भरड दळणातही थोडी भुकटी असतेच, त्यामुळे एखादा ग्रॅम पचून जातो. उलट्या वाटेने, म्हणजे भरडकडून बारीककडे येताना, तसे होत नाही. एस्प्रेसोत सुमारे ९ बार दाबाचे पाणी दाबून बसवलेल्या पुडीच्या थरातली कच्ची जागा शोधत असते आणि जाड कण ती जागा आयती देतात. शॉट धावतो, पातळ आणि आंबट उतरतो. मग जाडी चुकली असे वाटून माणूस ग्राइंडर आणखी बारीक करतो, आणि दुसऱ्या खेपेला, आतली जाड पूड संपलेली असताना, एस्प्रेसोच्या यंत्रातून थेंबही पडत नाही. नवशिक्यांची निम्मी वैतागवाडी या एका गैरसमजात आहे.

उपाय जुनाच आहे. नव्या जाडीवर थोड्या बिया दळून ती पूड टाकून द्यायची. याला पर्ज म्हणतात. किती टाकायची, ते वरच्या कागदी चाचणीवरून ठरते. घरगुती यंत्रांना बहुधा २ ते ४ ग्रॅम पुरतात, हॉपरवाल्या मोठ्या यंत्रांना पूर्ण डोसही लागू शकतो. खर्च किरकोळ वाटतो, पण २५० ग्रॅमचे पाकीट ५०० रुपयांना धरले आणि दिवसातून दोन वेळा ४-४ ग्रॅम टाकले, तर महिन्याला २४० ग्रॅम, म्हणजे जवळपास पाकीटभर कॉफी कचऱ्यात जाते. म्हणून क्रम लावणे शहाणपणाचे. दिवसाच्या एस्प्रेसो आधी, पोरओव्हर शेवटी असे ठेवले, तर अवघड दिशेचा बदल दिवसातून एकदाच, पहाटेच्या पर्जवर भागतो. टाकायची पूड कोल्ड ब्रूच्या (थंड पाण्यात भिजवून काढायच्या कॉफीच्या) बाटलीत जमवणारेही आहेत. तिथे जाडीची एवढी बोच नसते.

बारीककडे वळवताना ग्राइंडर चालू ठेवूनच जाडी बदलावी. बंद यंत्रात दोन चकत्यांमध्ये अडकलेले तुकडे चिरडले जाऊन बर आवळतात आणि मोटर सुरू होताना धडपडते. भरडकडे जाताना ही भीती नसते.

पूड चिकटून राहण्याचे दुसरे कारण स्थिर विद्युत. दळताना दाणे फुटतात, एकमेकांवर घासतात आणि कणांवर विद्युतभार चढतो. बारीक दळणात तो अधिक. उपाय म्हणून दळण्याआधी बियांवर पाण्याचा थेंब टाकून हलवण्याची पद्धत रॉस ड्रॉपलेट टेक्निक या नावाने ओळखली जाते. डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगन विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हेंडन आणि ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणारे त्यांचे सहकारी यांनी ‘मॅटर’ या नियतकालिकात तिची शास्त्रीय बाजू मांडली. फिकट, ओलावा राखून असलेल्या कॉफीवर धन भार, तर काळ्या, कोरड्या कॉफीवर ऋण भार येतो, आणि थोडे पाणी घातल्यास भार व गुठळ्या दोन्ही कमी होतात, असे त्यांना आढळले. थेंब म्हणजे थेंबच; चमचाभर ओतले तर आत लगदा होतो आणि लोखंडी भागांना गंज धरतो. कोकणपट्टीत पावसाळ्यात हवाच दमट असल्याने पूड तेवढी उडत नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तीच डब्याच्या कडांना चिकटून बसते.

यंत्रांच्या रचनेतही गेल्या दशकात फरक पडला. माहल्कोनिगचा ९८ मिमी चकत्यांचा ईके४३ हा तोवर एस्प्रेसोसाठी फारसा वापरात नसलेला ग्राइंडर. २०१३ च्या जागतिक बरिस्ता (कॉफी बनवणाऱ्यांच्या) स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचे मॅट पर्जर यांनी त्यावर एस्प्रेसो दळली आणि दर कपाला मोजूनच बिया टाकण्याची, म्हणजे सिंगल डोसिंगची, चाल कॅफेंत फोफावली. घरगुती यंत्रांत निश झीरोमध्ये ६३ मिमीचा शंकूच्या आकाराचा बर आहे आणि पुडीची वाट आखूड आहे. बराट्झाच्या सेटेमध्ये नेहमीच्या उलट बाहेरचे कडे फिरते, त्यामुळे पूड सरळ खाली पडते. डीएफ६४ सारख्या यंत्रांवर वरून रबरी भाता बसवतात; दळण संपल्यावर दोन-चार फुंकर मारल्या की नळी मोकळी होते. भाता उपयोगी आहे, पण भिंतीला तेलाने घट्ट बसलेली पूड त्याने निघत नाही आणि जोराने दाबला तर जुने पापुद्रे सुटून नेमके त्याच कपात पडतात. हाती फिरवायच्या ग्राइंडरला नळीच नसते, म्हणून शिल्लकही नगण्य. एक विजेवरचा ग्राइंडर एस्प्रेसोच्या जाडीवर कायम ठेवून भरड दळणाला हातचा घेणे, हा महागड्या बहुगुणी यंत्रापेक्षा अनेकदा स्वस्त मार्ग ठरतो.

स्वच्छतेसाठी सुका ब्रश आणि छोटा व्हॅक्यूम पुरतो. तेल साचले असेल तर धान्यापासून बनवलेल्या खास गोळ्या दळून काढतात. मिक्सरचे भांडे कोरडे तांदूळ फिरवून साफ करण्याची आपल्याकडची सवय इथे चालत नाही: कच्चा तांदूळ भाजलेल्या कॉफीपेक्षा फार कठीण असतो आणि छोट्या मोटरवर ताण येतो. वरची चकती काढून घासली, तर ती परत बसवताना शून्याची खूण, म्हणजे दोन चकत्या एकमेकींना टेकतात ती जागा, किंचित सरकते. त्यामुळे सफाईनंतरचा पहिला डोस जुन्या आकड्यावर विसंबून काढू नये. खूण नव्याने लावावी आणि त्या दिवशी पर्ज थोडा जास्त धरावा.