साँ-पोल-द-वाँस आणि माग फाउंडेशन : निघण्याआधी एवढं वाचा

दक्षिण फ्रान्समधल्या नीसच्या मुक्कामातला एक दिवस आपण या दोन ठिकाणांसाठी ठेवला आहे : साँ-पोल-द-वाँस हे टेकडीवरचं गाव आणि माग फाउंडेशन हे आधुनिक कलेचं संग्रहालय. गाव आधी आणि संग्रहालय ‘वेळ उरला तर’ असा बेत अनेक जण करतात. आपण उलटं करतो. सकाळी दार उघडताच संग्रहालय, गाव दुपारनंतर.

‘मॉडर्न आर्ट आपल्याला काही कळत नाही’ म्हणून गाडीतच बसून राहायला तयार असलेली मंडळी प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. त्यांना विनंती, की जरूर उतरा. इथे कळण्यापेक्षा हिंडण्याला जास्त महत्त्व आहे.

हे कोणी उभारलं?
एमे आणि मार्गरित माग या जोडप्याचा चित्रविक्रीचा व्यवसाय होता. एमे मूळचे छापखान्यातले, लिथोग्राफीचे (शिळाछपाईचे) जाणकार. १९५३ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा बर्नार ल्युकेमियाने गेला. काहीतरी उभारा, त्यात मन गुंतवा, असं त्यांना सुचवणाऱ्यांत चित्रकार जॉर्ज ब्राक होते. जागेवर जुन्या चॅपेलचे (छोट्या प्रार्थनाघराचे) अवशेष सापडले, तेही संत बर्नारच्या नावाचं. ते पुन्हा बांधलं. आतली रंगीत काचेची खिडकी ब्राक यांची आहे. तिथे जरा शांत उभे राहा. २८ जुलै १९६४ रोजी फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या हस्ते उद्घाटन झालं. ब्राक त्याआधीच्या वर्षी वारले होते.

आधी बाहेर पाहा
आतल्या दालनांतली प्रदर्शनं बदलत असतात. संग्रह १३ हजारांहून जास्त कलाकृतींचा, त्यामुळे अमुक एक चित्र त्या दिवशी भिंतीवर असेलच, असं आम्ही कबूल करू शकत नाही. इथली खरी मजा अंगणांत आहे. स्पेनच्या कॅटलोनियातले वास्तुविशारद जोसेप लुईस सर्ट यांनी चित्रकारांना सोबत घेऊनच ही इमारत आखली.

शिल्पकार जॅकोमेत्ती यांच्या अंगणात काटकुळी ब्राँझची माणसं उभी असतात. लांबून काड्या वाटतात. चार पावलांवर या, म्हणजे बोटांनी माती दाबल्याच्या, चिमटल्याच्या खुणा धातूत तशाच उतरलेल्या दिसतील. फक्त हात लावू नका, पहारेकरी लगेच टोकतात. पुढे उतारावर चित्रकार मिरो यांचा ‘चक्रव्यूह’ आहे : दगडी भिंतींमधून जाणारी वाट, मध्येच पाण्यातलं भलंमोठं अंडं, आकाशाकडे रोखलेला काटा. मुलं इथून हलत नाहीत, आजी-आजोबाही रेंगाळतात. ब्राक यांच्या हौदाच्या तळाशी मोझेकचे (रंगीत तुकडे जोडून केलेले) मासे आहेत, पाणी हललं की तेही हलल्यासारखे वाटतात. चित्रकार शागाल यांचं मोझेक बाहेरच्या भिंतीवर आहे, ते घाईत राहून जातं.

छपराकडेही पाहायला विसरू नका. पांढऱ्या, वर वळलेल्या त्या दोन पन्हळी नुसत्या शोभेच्या नाहीत. पावसाचं पाणी त्यांत जमतं आणि हौदांना पुरवलं जातं.

गाव
तटबंदी सोळाव्या शतकातली, राजा पहिला फ्रान्स्वा याच्या काळातली. संग्रहालयापासून पायी पंधरा मिनिटांच्या आसपास, जाताना उतार. गल्ल्या दगडगोट्यांच्या आहेत. चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी सांगा, वेशीपर्यंत गाडी देऊ. मुख्य रस्त्यावर आर्ट गॅलऱ्या आणि भेटवस्तूंची दुकानं दाटीने आहेत. आमच्या मते तिथे फार वेळ घालवू नये. थेट दुसऱ्या टोकाच्या दफनभूमीत जा. १९८५ मध्ये वारलेले शागाल तिथे आहेत. साधी थडग्याची शिळा, तिच्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांनी ठेवलेले खडे.

जेवण
शाकाहारींनी सावध राहावं. पिझ्झासारखी ‘पिसालादिएर’ कांद्याची म्हणून मागवाल, तर वर अँकोव्ही मासे निघतील; ‘सालाद निस्वाज’ या नीसच्या सॅलडमध्येही तेच. नीसला ‘सोका’ मात्र बिनधास्त खा, ते हरभऱ्याच्या पिठाचं धिरडंच. संग्रहालयाच्या दिवशी दुपारचं शाकाहारी पॅकेट आम्ही देतो. जैन जेवण हवं असल्यास बुकिंगच्या वेळीच कळवा.

उन्हाळ्यात टोपी आणि पाण्याची बाटली जवळ असू द्या. अंगणांत सावली मोजकीच आहे.

वाँस गावात चित्रकार मातीस यांनी आखलेलं, १९५१ मध्ये पूर्ण झालेलं चॅपेल जवळच आहे. ते रोज उघडं नसतं. ज्यांना पाहायचं आहे त्यांनी नीसला पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी टूर मॅनेजरला सांगावं. वेळ जुळली तर संध्याकाळी वेगळी गाडी करू, तिचं भाडं जाणाऱ्यांत वाटून घ्यावं लागेल.