युजर-स्पेस नेटवर्क ड्रायव्हर व कर्नल यांतील संवाद

नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा भाग) कर्नलबाहेर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याबाहेर, युजर-स्पेसमध्ये साध्या प्रोग्रॅमसारखा चालत असताना त्याने कर्नलशी व्यवहार कसा करावा याची रचना. निकड वेगाची आहे. १० गिगाबिट इथरनेटवर ६४ बाइटांच्या फ्रेम (पॅकेटे) सेकंदाला सुमारे १.४९ कोटी येऊ शकतात. एकीच्या वाट्याला जेमतेम ६७ नॅनोसेकंद. दर पॅकेटमागे सिस्टीम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलला घातलेली साद) आणि मेमरीत नक्कल एवढ्यात बसत नाही.

लिनक्सवर डीपीडीके हा वेगवान पॅकेट-हाताळणीचा लायब्ररी-संच कार्ड कर्नलच्या ताब्यातून काढून घेतो आणि व्हीएफआयओ या कर्नलच्याच सोयीमार्फत कार्डाची रजिस्टरे (त्याला हुकूम देण्याच्या जागा) थेट प्रोग्रॅमला जोडतो. कार्ड मेमरीत परस्पर लिहीत असल्याने एक चुकीचा पत्ता कर्नलचीही मेमरी बिघडवू शकतो. कार्डाने कोणत्या मेमरीत लिहावे यावर पहारा ठेवणारे हार्डवेअर, आयओएमएमयू, हे अडवते. कार्ड प्रोग्रॅमला जोडण्याच्या जुन्या यूआयओ पद्धतीत असा अडसर नाही. ड्रायव्हर बाहेर काढला की धोका टळला, ही समजूत म्हणूनच भाबडी आहे. शिवाय ते कार्ड कर्नलला दिसेनासे होते. एसएसएचसारखी (दुरून लॉगिनची) कर्नलच्या वाट्याची पॅकेटे मग टॅप किंवा व्हर्च्यो-युजर या आभासी कार्डांच्या आडवाटेने पोचवावी लागतात. त्यासाठीचे केएनआय हे खास मॉड्यूल डीपीडीकेच्या २३.११ आवृत्तीत काढून टाकले गेले.

पिसा विद्यापीठातील लुइजी रिझ्झो यांच्या नेटमॅप या व्यवस्थेने (२०१२) रजिस्टरे कर्नलकडेच ठेवली, प्रोग्रॅमला फक्त सामायिक मेमरीतील रिंगा (वर्तुळाकार रांगा) दिल्या; तरीही ९०० मेगाहर्ट्झच्या एका कोअरवर १० गिगाबिटचा वर सांगितलेला पूर्ण वेग गाठला.

लिनक्स ४.१८ मधील (२०१८) एएफ_एक्सडीपी या, पॅकेटे थेट प्रोग्रॅमला देणाऱ्या सोयीची रचना सर्वांत रेखीव म्हणावी लागेल. यूमेम या सामायिक मेमरीचे सारखे तुकडे असतात आणि चार रिंगांतून फिरते ती केवळ त्यांची मालकी. प्रोग्रॅम रिकामे तुकडे 'फिल' रिंगेत टाकतो, कर्नल ते भरून 'आरएक्स'मधून परत देते; पाठवायचे तुकडे 'टीएक्स'मधून जातात व 'कम्प्लीशन'मधून मोकळे होऊन येतात. प्रत्येक रिंगेत लिहिणारा एक, वाचणारा एक, म्हणून कुलपांची (लॉकची) गरज नाही. कर्नल मात्र आलेला प्रत्येक पत्ता यूमेमच्या हद्दीत आहे का ते तपासते. 'फिल' रिंग वेळेवर भरली नाही तर पॅकेटे गळतात, आणि तो दोष प्रोग्रॅमचाच. नक्कल पूर्ण टाळायची तर कार्डाच्या ड्रायव्हरची साथ लागते. एकमेकांना जागे करण्याचा प्रश्न ५.४ आवृत्तीत (२०१९) सुटसुटीत झाला: गरज असेल तेव्हाच कर्नल रिंगेवर खूण करते आणि तेव्हाच प्रोग्रॅम सिस्टीम कॉल करतो.